आतोबांचं अ‍ॅव्हरेज

वाऱ्याशी उभा दावा मांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच घरात निघाला. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा. लोकांचं भावकीशी पटत नाही, शेजाऱ्यांशी पटत नाही, ऑफिसातल्या साहेबाशी पटत नाही. आतोबांचं या सगळ्यांशी उत्तम पटायचं. पटत नसे ते फक्त वाऱ्याशी. आता मीरा रोडला इतक्या इमारती झाल्यात की वाऱ्यालाच आत शिरायला जागा सापडत नाही. पण एखाद्या संध्याकाळी गच्चीवर तो चुकून अंगाला लागला की मला आतोबा आठवतात आणि पाठोपाठ आत्या आठवते. मोटारसायकलवर पुढे ते आणि मागे ती, अशीच आठवतात. वेगवेगळी मला ती दोघं कधी आठवलीच नाहीत.

ऐंशीचं दशक संपता संपता परळची खोली सोडून ती दोघं शांती नगरात राहायला आली. आम्ही आधीच पूनम सागरला आलो होतो. तेव्हा इकडे पाणी टँकरनं यायचं आणि वारा मात्र चोवीस तास, थेट मिठागरांवरून. आत्या त्या वाऱ्यावर बेहद्द खूश होती. सगळा संसार तिनं परळच्या टेबलफॅनसमोर काढला होता. सामान लावायच्या आधी ती गॅलरीत केस सोडून उभी राहिली आणि ओरडली, "अहो, इकडे या! बघा तरी काय वारा लागतोय!" आतोबा दोरीवरच्या लुंगीकडे बघत होते. लुंगी पार आडवी झाली होती. ते गंभीरपणे म्हणाले, "लुंगीची ही दशा, तर गाडीचं काय होत असेल?" त्यांच्या पुढच्या सगळ्या उद्योगांचं मूळ त्या लुंगीत होतं.

त्या काळी दोन गाडीवाले भेटले की बायकोमुलांची चौकशी नंतर, आधी "किती देते?" असं विचारायचे. म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, किती अ‍ॅव्हरेज देते. आतोबांची शंभर सीसीची गाडी वाईट देत नव्हती, पण जाहिरातीत म्हटलं होतं तेवढं देत नव्हती, आणि आतोबा जाहिरातीवर मनापासून विश्वास ठेवणाऱ्यांतले होते. पेट्रोल परवडत नव्हतं अशातला भाग नाही. आपल्याला कोणीतरी वाटेत लुबाडतंय, एवढंच त्यांना सहन होत नव्हतं. "पेट्रोल इंजिन पीत नाही रे," ते मला समजावत, "पेट्रोल वारा पितो. आपण रोज उठून वाऱ्याला पाजतोय!"

मग वाऱ्याला उपाशी मारण्याचे उपाय सुरू झाले. पहिल्यांदा मिशी गेली. मिशीनं वारा कितीसा अडणार, असं आत्यानं विचारलं तर म्हणाले, "थेंबाथेंबाचा प्रश्न आहे." मग चालवताना कोपर बरगडीला चिकटले, मान खाली गेली. आत्यानं पदर कमरेला घट्ट खोचायचा, कारण पदर वारा धरतो. वेणी आत घालायची. लग्नकार्यात कोणी धिप्पाड गृहस्थ दिसले की आतोबा माझ्या कानाशी लागत, "हे गाडीवर बसले तर काय वारा धरतील!" आणि शेवटी समोरची काच आली. भाईंदरला एक चाचा दुकानांचे बोर्ड रंगवायचे, त्यांच्याकडून आतोबांनी अ‍ॅक्रिलिकचा एक जुना तुकडा मिळवला. चाचा बिचारे सांगत होते, "साब, ये बोर्ड का माल है, गाडी का नहीं." तो बोर्ड दातांच्या दवाखान्याचा होता. घासून घासूनसुद्धा त्यावरची एक दाढ पुसट दिसायचीच, आणि आतोबा पुढची पाच-सहा वर्षं जगाकडे त्या दाढेतून पाहत गाडी चालवत होते.

काच सरळ उभी लावली तेव्हा अ‍ॅव्हरेज उलट घटलं. वारा तिच्यावर आपटतो, असा शोध लागला. मग ती कलती केली, मग आणखी कलती केली, मग खाली फायबरचं एक टोकदार प्रकरण बसवलं. त्याला फेअरिंग म्हणतात असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आत्या त्याला नाक म्हणायची. सोसायटीचे गुजराती सेक्रेटरी रोज सकाळी गंमत बघायला थांबत आणि विचारत, "क्या अंकल, हेलिकॉप्टर कब उडेगा?" आतोबांना राग यायचा नाही. "बस, थोडा सेटिंग बाकी है," असं ते खरोखरीचं उत्तर देत.

या सेटिंगची परीक्षा रविवारी असायची. टाकी पार रिकामी करायची, अर्धा लिटर पेट्रोल मोजून ओतायचं, शांती नगरातून निघायचं, भाईंदरचं फाटक ओलांडून उत्तनच्या रस्त्यानं पाली गाठायची आणि मागे फिरायचं. वाटेत गाडी जिथे बंद पडेल तिथपर्यंतचं खरं. म्हणजे ही परीक्षा गाडी बंद पडल्याशिवाय संपतच नसे. गाडी उरलेल्या वाटेवर ढकलावी लागू नये म्हणून पेट्रोलची दुसरी बाटली घेऊन मी माझ्या स्कूटरवरून मागे. मी तेव्हा दोन पोरांचा बाप होतो, रविवारी मलाही घरात कामं असत. पण आत्या फोनवर हळूच म्हणायची, "ये रे, तेवढंच फिरणं होतं," आणि मी जायचो.

आत्या मागे बसायलाच हवी होती. वजन दर वेळी सारखं नको का? पहिल्याच रविवारी आतोबांनी तिला मीरा रोड स्टेशनवरच्या लाल दिव्यांच्या मशीनवर उभं केलं. बासष्ट किलो. तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं, त्यात प्रवासाचा योग होता. "झालं, आता पुन्हा मोजायला नको," आतोबा म्हणाले. आत्याचं वजन त्यांनी एकदा धरलं ते धरलं. रस्ता तोच, पेट्रोल तेवढंच, बायको तीच. बदलायची ती फक्त काच.

पालीला पोचल्यावर आत्याला बोंबील घ्यावेसे वाटत. तिथल्या एका कोळणीशी तिची चांगली गट्टी जमली होती. पण परतीचं वजन बदलेल म्हणून आतोबा पिशवीला हात लावू देत नसत. बोंबील माझ्या स्कूटरला टांगले जात. शहाळंसुद्धा प्यायची बंदी होती. कोळीण हसून हसून विचारायची, "यो पुढं काय लावलाय? घरची खिडकी हाय का?" आत्या म्हणायची, "खिडकी उघडता तरी येते गं बाई!" कारण त्या काचेमागे तिला वाराच लागत नसे. तिची एवढीच एक तक्रार होती. आतोबांच्या खांद्यावर हात ठेवून ती दर रविवारी म्हणायची, "अहो, एकदा काढा की ती काच. आणि जरा पळवा. वारा लागू दे." आतोबा म्हणत, "घरापर्यंत पोचू दे एकदा अर्ध्या लिटरमध्ये. मग काढतो."

गाडी घरापर्यंत काही पोचत नसे. परतताना फाटकाच्या अलीकडे, मिठागरांच्या कडेला एका ठरावीक वळणावर ती आचके द्यायची आणि बंद पडायची. काच बदलो, नाक बदलो, वळण काही बदलत नसे. मग आतोबा गुडघ्यावर बसून नाकाची पाहणी करत, आणि आत्या रस्त्याच्या कडेला उभी राहून पदर सोडायची, वेणी बाहेर काढायची आणि मिठागरावरचा वारा खायची. मी बाटली पुढे केली की म्हणायची, "थांब रे जरा, घाई काय आहे?" तिचा रविवार खरं तर त्या वळणावर सुरू व्हायचा. मला आज वाटतं, माझाही.

आणि मग एका पावसाळ्यानंतर चमत्कार झाला. आतोबांनी नाक दोन बोटं खाली घेतलं होतं. गाडी ते वळण ओलांडून फाटकापर्यंत आली! पुढे काही रविवारी फाटकाच्या पलीकडे, मग मीरा रोडच्या हद्दीत. आतोबांचा आनंद गगनात मावेना. ऑफिसात, भाजीवाल्याकडे, टँकरच्या रांगेत, जिथे तिथे ते दोन बोटं खाली करून दाखवत. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी बंद न पडता थेट सोसायटीच्या गेटात शिरली. आतोबांनी हॉर्न वाजवून सगळी बिल्डिंग गॅलरीत आणली. पेढे आणवले. सेक्रेटरींनी स्वतः हात मिळवून "मान गये, अंकल" म्हटलं. "आता काच काढायची बरं का!" असं आतोबा मागे वळून म्हणाले, तेव्हा आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. हातातला पेढा तसाच होता. मला म्हणाली, "दोन मजले आहेत रे. जरा हात दे." मी तिला धरलं तेव्हा माझ्या हाताला काही लागलंच नाही, इतकी ती हलकी झाली होती.

रोज बघणाऱ्याला दिसत नाही, हे खरं. साडी ती आता दोन वेढे जास्त घेऊन घट्ट नेसायची, वर पदर खोचलेला. गेले काही महिने ती "जरा पळवा" म्हणायची बंद झाली होती, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. हादरे सोसत नव्हते म्हणून ती "हळू घ्या ना" म्हणायची आणि आतोबा हळू घ्यायचे. मुंबईतल्या हॉस्पिटलात तिला काट्यावर उभं केलं, आणि नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. पोटातला आजार होता, फार पुढे गेलेला. आतोबा बाहेर बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "काच नव्हती रे ती. नाकही नव्हतं." मी त्यांचा हात धरून बसलो.

होळीच्या आत आत्या गेली. गाडी जिन्याखाली चादरीखाली उभी राहिली. आतोबा बसनं ऑफिसला जाऊ लागले. मिशी पुन्हा उगवली, पांढरी. कोणी "किती देते?" विचारलं तर हसून मान हलवत. मी अधूनमधून जायचो, आम्ही चहा प्यायचो, आणि गॅलरीचं दार ते बंदच ठेवत.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी त्यांचा फोन आला, "बाटली घेऊन ये." मी गेलो तर गाडी पुसून उभी, काच, नाक जागच्या जागी. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, त्यावर आणखी एक पिशवी, आणि दोन्हीला आत्याच्या एका सुती साडीनं घट्ट बांधलेलं. वॉचमन खाली बघत बाजूला उभा होता. मी विचारलं, "आतोबा, हे काय?" ते गाठ तपासत म्हणाले, "बासष्ट. तिचं पहिलं वजन. स्टेशनवरचं."

आम्ही निघालो. पालीला कोळणीनं पोत्याकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाय न्हाय आली?" आतोबांनी मानेनंच नाही म्हटलं. बोंबील घेतले आणि सवयीनं माझ्या स्कूटरला टांगले. परत फिरलो. मी मागून बघत होतो, साडीचा काठ कुठे फडफडत नव्हता, सगळं नीट खोचलेलं होतं. मिठागरं आली. ते वळण आलं, आणि गाडीनं आचके दिले. आतोबा उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षभरात मी पाहिला नव्हता असा आनंद होता. "बघ," ते म्हणाले, "बंद पडली! बरोब्बर इथेच." आणि पोत्यावर हात ठेवून ते मिठागराकडे तोंड करून उभे राहिले.

मी बाटली पुढे केली. "थांब रे जरा," ते म्हणाले, "घाई काय आहे?" मग खिशातून पाना काढून त्यांनी एकेक नट सोडवला, काच उतरवली आणि माझ्या हातात दिली. नाकही काढलं. साडीची एक गाठ सैल केली, पदर मोकळा सोडला. पेट्रोल ओतलं, किक मारली आणि त्यांनी गाडी अशी पळवली, की मला ओळखू येईना. पदर मागे सरळ आडवा झाला होता. पायांत ती दाढेची काच आणि नाक, हँडलला बोंबील घेऊन मी शक्य तेवढी स्कूटर दामटली, पण फाटकापर्यंत काही मला ती दोघं गाठता आली नाहीत.