तिसरं पान सुभेदारांचं

विम्याच्या धंद्यात दोन गोष्टी फुकट मिळतात, चहा आणि किस्से. चहा पिऊन संपतो. किस्से मात्र साठत जातात, आणि पोटात ठेवले की त्रास देतात. म्हणून सांगून टाकतो.

माझे निम्मे किस्से सांगलीत घाटाजवळच्या शालनकाकींच्या टपरीवरचे. रोज सकाळी तिथं आम्ही तिघं जमतो. एक मी. दुसरे अण्णा, हळदीचे व्यापारी. तिसरे सुभेदार, मूळचे कोरेगावकडचे. फौजेतून रिटायर होऊन इथं नदीकाठाला घर बांधून राहिले. बायको वारल्यापासून एकटेच.

पेपर एकच येतो. काकी पाव कापायच्या सुरीनं त्याची पानं सुटी करतात आणि वाटतात. पहिलं पान माझं, बाजारभावाचं अण्णांचं. अपघात, चोऱ्या, सर्पदंश असलेलं तिसरं पान सुभेदारांचं. ज्याचं पान त्यानंच मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही की डोकवायचं नाही. कुणी आलं नाही तर त्याचं पान घडी घालून बिस्किटांच्या बरणीखाली, तो येईपर्यंत. पूर्वी ओढाओढीत पेपर फाटायचा आणि चहा सांडायचा, म्हणून काकींनी हा कायदा केला.

बातमी वाचली की प्रत्येकानं मत द्यायचं. तीही ठरलेली. अण्णा म्हणतात, "महापालिका काय करतीय?" मी विचारतो, "पॉलिसी होती का?" आणि सुभेदार चष्मा काढून निकाल देतात, "ते सगळं खरं. पर त्यो तितं गेलाच कशाला?"

माणूस खड्ड्यात पडो, गर्दीत पाकीट जावो, झाडाची फांदी अंगावर येवो. निकाल तोच.

*

एकदा बातमी आली, घाटावर मगर दिसली आणि फोटो काढणारा एक तरुण पाण्यात पडता पडता वाचला.

"महापालिका काय करतीय?" अण्णा म्हणाले.

"मगरीला नोटीस काढायची व्हय?" सुभेदार म्हणाले. "मगर नदीतच असणार. पर त्यो तितं गेलाच कशाला?"

त्याच संध्याकाळी मी घाटावर गेलो. म्हणजे सहज गेलो. तर गर्दीत पुढच्या रांगेत अण्णा, हातात मोबाइल उंच धरलेला. आणि त्यांच्याही पुढं, अगदी शेवटच्या पायरीवर, सुभेदार.

"तुम्ही कशाला आलात इथं?" मी विचारलं.

सुभेदारांनी मान न वळवता सांगितलं, "बंदोबस्ताला."

*

मग भटक्या कुत्र्यांची बातमी. पहाटे फिरायला निघालेल्या एका गृहस्थाच्या मागं कुत्री लागली, ते पळाले आणि गटारात पडले. अण्णा घाबरले. त्यांनाही डॉक्टरनं फिरायला सांगितलेलं.

सुभेदारांनी ट्रेनिंग दिलं. "पळायचं न्हाई अण्णा. जाग्यावर थांबायचं. शांत आवाजात फकस्त म्हणायचं, बैठ."

दुसऱ्या दिवशी अण्णा टपरीवर आले तेव्हा त्यांच्या पायात घोटाळणारं एक तांबडं कुत्रं होतं.

"आवं सुभेदार, बसलं की ते."

"मग?"

"मग काय? मी दुकान उघडलं, त्ये आत येऊन बसलं. आता उठवायला काय म्हणायचं ते सांगा."

सुभेदारांना ते माहीत नव्हतं. अण्णा जैन, हाकलायला जीव होईना. आज ते कुत्रं हळदीच्या पोत्यांवर झोपतं आणि अण्णांपेक्षा गिऱ्हाइकांची ओळख त्याला जास्त आहे.

*

शालनकाकींना एकदा व्हिडिओ कॉल आला. पलीकडं खाकी शर्टातला माणूस, हिंदीत ओरडत होता. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, जागेवरून हलायचं नाही.

काकी हातात गाळणं धरून होत्या तिथंच उभ्या राहिल्या. सुभेदारांनी फोन घेतला.

"नाम? रँक? पोस्टिंग कहाँ?" त्यांचा परेड ग्राउंडवरचा आवाज लागला. "और बैठ के क्या बात करता है? खड़े हो जाओ!"

तो माणूस खरंच उभा राहिला. वर खाकी शर्ट आणि खाली फुलाफुलांची बर्म्युडा.

"ड्रेस पूरा पहन के आओ," सुभेदार म्हणाले, तेवढ्यात पलीकडून फोन कट.

काकींनी मोठा श्वास सोडला. म्हणाल्या, "लेकराला प्यांट तरी घालून येऊ द्यायचं हुतं. मीबी दोन शब्द बोलले असते."

*

असं चाललं होतं. तेवढ्यात पुण्याहून विकासचे फोन सुरू झाले. विकास म्हणजे सुभेदारांचा एकुलता एक मुलगा. सुभेदारांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि घरगुती चर्चा टपरीभर.

"पप्पा, तिथं पूर येतो, मगरी फिरतात, कुत्री आहेत. इथं सोसायटीला गेट आहे, वॉचमन आहे, कॅमेरे आहेत. कायमचे या."

"जेल हाय का त्ये?" सुभेदार म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

पण एका सकाळी विकास वेगळंच बोलला. "नदीचं पाणी वाढायला लागलं की मला झोप लागत नाही, पप्पा."

सुभेदारांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. म्हणाले, "म्हयनाभर जाऊन बघतो. जमलं तर हितलं घर काढून टाकीन."

मला वाईट वाटलं, सरळ सांगतो. वीस जणांना पॉलिसी विकून जेवढं बरं वाटत नाही तेवढं मला त्यांच्या शेजारी बसून वाटतं.

अण्णा कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाले, "पुण्याला गेलेला माणूस परत आलेला बघितलाय का कुणी?"

*

सुभेदार गेले. सुरुवातीला पुण्याहून त्यांचा रोज फोन यायचा. "सगळं शांत हाय. लय शांत." मग एके दिवशी फोन आलाच नाही. आम्ही लावला तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. विकासचा नंबर आमच्याकडं नव्हता.

अण्णांनी मनाला लावून घेतलं. "हवा लागली. आता कशाला आठवतोय आमी?" मी सुभेदारांची बाजू घ्यायचो, पण आतून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. काकी मात्र रोज तिसरं पान कापून, घडी घालून बरणीखाली सारत होत्या. बरणी तिरकी व्हायला लागली तरी कायदा मोडला नाही.

मध्येच एक रिक्षावाला चहाला थांबला. "सुभेदार बरं हायत का आता?"

"त्यांना काय धाड भरलीया?" अण्णा फणकारले. "मजेत हायत पुण्यात."

रिक्षावाल्यानं आमच्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि निघून गेला. आम्हीही विषय वाढवला नाही. गावातल्या बातम्या गावाला आम्ही सांगतो, आम्हाला कोण सांगणार?

*

आणि परवा सकाळी टपरीसमोर विकासची गाडी थांबली. विकासनं दार उघडून हात दिला. सुभेदार उतरले, एका पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. मागं डिकीत त्यांनी जाताना नेलेली काळी ट्रंक.

आम्ही दोघंही उठलो. "आवं, हे काय? कवा झालं? फोन तरी करायचा!"

"आधी पान," सुभेदार बाकावर टेकत म्हणाले.

काकींनी बरणी उचलून गठ्ठाच पुढं केला. सुभेदारांनी चष्मा लावला, सावकाश एकेक घडी उलगडत गेले आणि एका पानाशी थांबले. नेहमीच्या आवाजात वाचायला लागले.

"पुण्यात सोसायटीच्या गेटसमोरच उघड्या चेंबरमध्ये पडून सांगलीचे माजी सुभेदार जखमी. पाय मोडला. मोबाइल चेंबरमध्येच वाहून गेला."

ते पान इतके दिवस आमच्या चहाच्या ग्लासापासून हातभर अंतरावर होतं. अण्णांनी तोंड उघडलं आणि महापालिकेचं नाव न घेताच मिटलं. मीही पॉलिसीचं विचारलं नाही. विकास गाडीला टेकून खाली बघत उभा होता.

सुभेदारांनी पानाची नीट घडी घातली. चष्मा काढला, नदीकडं बघितलं आणि चहाचा एक घोट घेतला.

"ते सगळं खरं," ते म्हणाले. "पर त्यो तितं गेलाच कशाला?"