टँडरिलांचं गाव आणि दाऊदभाई

नवा माणूस भेटला की दाऊदभाई बाणकोटकर आधी त्याचं आडनाव विचारायचा आणि लगेच म्हणायचा, "म्हंजे गाव कुठचा?" कुवेतमध्ये आमच्या कंपनीचं भांडार तो सांभाळायचा, मी ऑफिसात टायपिस्ट. तिथल्या बनेद अल-गार भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो माझा मित्र होता आणि मी त्याच्यावर जळायचो. दोन्ही खरं.

आमच्या टँडरिलसाहेबाला स्वतःच्या आडनावाचा नाद होता. साऱ्या इंग्लंडात टँडरिलांची जेमतेम चार-पाच घरं. ती मुळात कुठली, हे त्याला हुडकायचं होतं. मी पडलो कुलकर्णी. आडनाव कामावरून पडतं, हे मी धरूनच चाललेलो. साहेबाला ठासून सांगितलं, तुमचे पूर्वज काहीतरी धंदा करत असणार. दोन वर्षं विणकरांच्या, चांभारांच्या जुन्या नोंदी मागवणारी पत्रं मी टाइप केली. दुपारचा चहा साहेब माझ्याबरोबर घ्यायचा. तेवढ्यावर मी छाती काढून हिंडायचो.

एकदा दाऊदभाई सही घ्यायला आला. "साब, ये टँडरिल गाँव किधर है?"

साहेब हसला. असं गावच नाही म्हणाला.

"होगा, साब. हम बाणकोट के, तो बाणकोटकर. नहीं दिखता, तो दर्या खा गया होगा."

अडाणी, मी मनात म्हटलं. साहेबाने मात्र इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या चर्चना पत्रं धाडली. एकाचं उत्तर आलं: टँडरिल नावाची वाडी होती, समुद्राने गिळली, पांगलेल्या माणसांनी तेच नाव लावलं. त्या दिवसापासून चहाला दाऊदभाई. माझा नुसता जळफळाट.

साहेबाने घराण्याचा छोटा इतिहास लिहिला. आभारात आधी दाऊदभाईचं नाव, मग माझं. तसं त्याने दाऊदभाईला सांगितलंही. मग साहेबाची बदली झाली आणि छपाई माझ्यावर आली. टाइप करताना मी दाऊदभाईची ओळ गाळली. चुकून नव्हे. पुढे साहेबाने पत्रातून विचारलं, तेव्हा छापखान्यावर ढकललं.

पुस्तक आलं. दाऊदभाई इंग्रजी अक्षरं लावून वाचायचा. आभाराच्या पानावर त्याचं बोट वरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग म्हणाला, "तुझा नाव छापलाय रे! बरा झाला." सालमियातल्या ओळखीच्या कोकणी दुकानांत तो ते पान दाखवत हिंडला. "आमचा कुलकर्णी," म्हणायचा.

काही वर्षांनी तो कायमचा घरी निघाला. बोटीवर चढण्याआधी त्याने पेटी उघडून पुस्तक दाखवलं. "पोरांना सांगीन, हा माझा दोस्त."

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाक."

त्याने टाकलं. मग दर ईदला टाकत राहिला. मी एकालाही उत्तर दिलं नाही.