दीड लाखाचा बाप

बसा, चहा येतोय. तोवर फॅमिली कोर्टात भर दुपारी, शपथेवर, मी खोटारडा आहे हे सिद्ध करायला मीच कसा धडपडलो, आणि तेही मला धड जमलं नाही, ते सांगून टाकतो. बाहेर कुठे बोलू नका. बोललात तरी चालेल म्हणा, अर्ध्या इंदूरला ठाऊक आहे.

तर माझा नि वैशालीचा घटस्फोट झाला. भांडण नाही, तंटा नाही. चौदा वर्षं माझं बोलणं ऐकून ती दमली, एवढंच. मुलगी सई, अकरा वर्षांची, आईकडे राहते, रविवारी माझ्याकडे. राहिलं होतं एकच काम. सईच्या खर्चाला बापाने दरमहा किती द्यायचे, ते कोर्ट ठरवणार होतं.

कोर्ट हे कसं ठरवतं, सांगा बरं? मला वाटायचं, जज माणसाला वरपासून खालपर्यंत बघतात आणि आकडा सांगतात. म्हणून मी मुद्दाम कॉलर विरलेला शर्ट काढून ठेवला होता. पण माझे वकील कानडे म्हणाले, "भिया, तसं नसतं. दोघांनी आपापली कमाई शपथपत्रावर लिहायची. पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, घर, गाडी, सगळं. मग पोरीचा खर्च काढतात आणि दोघांच्या कमाईच्या हिशेबाने वाटतात. त्यात थाप मारली तर आत जाल."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत."

झालं! आयुष्यात पहिल्यांदा मी चार पानं खरं लिहिलं. सांवेर रोडवर पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर. पगार चौतीस हजार. बडा गणपतीपाशी भाड्याच्या दोन खोल्या. हप्त्यावर घेतलेली एक मोटरसायकल. इतकं खरं मी दहावीच्या पेपरातही लिहिलं नव्हतं हो!

पहिल्या तारखेला जज मॅडमनी ते वाचलं, मान हलवली. मी मनात म्हटलं, खरं बोलणं एवढं सोपं असतं? उगाच इतकी वर्षं त्रास घेतला.

तेवढ्यात वैशालीचे वकील उठले आणि त्यांनी फायलीतून एक पिवळं पुस्तक काढलं.

मी ते पुस्तक लांबूनच ओळखलं. आपल्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका! घटस्फोटानंतर आत्याने फॉर्म आणून दिला होता, मी भरला होता. आता तुम्हीच सांगा, त्या पुस्तिकेत कोणी खरं लिहितं का? पाच फूट पाचचा मुलगा पाच आठ होतो. क्लार्कचा ऑफिसर होतो. खरा पगार लिहिणाऱ्याला मुलगी तर सोडाच, मेळाव्यात जेवणाचं कूपनसुद्धा मिळत नाही. मी आपली रीत पाळली.

वकिलांनी खणखणीत आवाजात वाचलं, "स्थळ क्रमांक एकशे बारा. घटस्फोटित, निर्व्यसनी. सांवेर रोड पर स्वयं की फॅक्टरी. स्वयं का बंगला. मासिक आय डेढ़ लाख." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, फोटो भी छपा है. कोट में."

कोट माझा नव्हता. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

पुस्तिका त्यांना मिळाली कुठून, विचारा ना. मीच दिली! एका रविवारी खजराना गणपतीला गेलो होतो, तेव्हा मी सईला दाखवली. बाबाचा फोटो छापून आलाय, म्हटलं. तिने एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं आणि डोळे मोठे करून विचारलं, "बाबा, आपली फॅक्टरी आहे?"

आता अकरा वर्षांच्या पोरीला नाही कसं म्हणणार? "आहे ना," म्हटलं. "रंगकाम चाललंय. झालं की दाखवतो." ती पुस्तिका दप्तरात घालून घरी घेऊन गेली.

जज मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ढवळेजी, दो काग़ज़ हैं. एक में चौंतीस हज़ार, एक में डेढ़ लाख. झूठा कौन-सा है?"

"पुस्तिका, मैडम. पक्का."

"साबित कीजिए."

बाहेर येऊन कानडे वकिलांनी हिशेब सांगितला. दीड लाख कमाई धरली तर समोरचे पंचेचाळीस हजार मागणार. माझा पगार चौतीस. नोकरी करायची आणि वर अकरा हजार कुठून तरी आणायचे! आणि शपथपत्र खोटं ठरलं, तर ते मघाचं "आत" होतंच.

"मालकाला आणा साक्षीला," कानडे म्हणाले. "पगार किती, एवढं सांगून जातील."

पुढच्या तारखेला मालक आले. सफारी घालून, अत्तर लावून. शपथ घेतली. कानडेंनी विचारलं, "ये आपके यहाँ नौकर हैं?"

"जी. स्टोर देखते हैं."

"फॅक्टरी इनकी है?"

मालक एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. काय सांगू, स्वतःची लायकी भर कोर्टात निघताना इतका आनंद कोणाला झाला नसेल.

"तनखा?"

"चौंतीस हज़ार." मालकांनी थांबायला हवं होतं की नाही? पण माझ्याबद्दल त्यांना फार आदर. ते पुढे म्हणाले, "वैसे मैडम, इनको नौकरी की ज़रूरत ही क्या है! देवास में साठ बीघा ज़मीन है इनकी. ये तो टाइमपास के लिए आते हैं."

कानडेंनी माझ्याकडे पाहिलं. वैशालीच्या वकिलांनी पेनचं टोपण काढलं.

आता ही साठ बिघे जमीन आली कुठून? घटस्फोटाच्या दर तारखेला सुट्टी मागायची, तर मालकाला कारण काय द्यायचं? बायको सोडून गेली म्हणून सांगू? म्हणून म्हटलं होतं, देवासच्या जमिनीची केस चालू आहे. आधी वीस बिघेच होती. तारखा वाढत गेल्या, तशी जमीनही वाढत गेली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ढवळेजी, शहर में कोई एक आदमी है, जिसे आपने कुछ नहीं सुनाया?"

मी विचार करायला लागलो. खरंच विचार करायला लागलो. दुधवाल्याला मी रिटायर्ड फौजी सांगितलंय. घरमालकाला वाटतं माझा भाऊ कॅनडात आहे. मला भाऊच नाही.

एवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वैशाली उभी राहिली होती.

"मैडम, मैं बताती हूँ," ती म्हणाली. "इनके पास कुछ नहीं है."

तिचे वकील खालच्या आवाजात म्हणाले, "बहनजी, बैठिए! अपना केस बिगड़ेगा!"

"बिगडू दे!" संतापली की ती मराठीत येते, आणि इंदूरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या जज मॅडमना मराठी कळत होती. "चौदा वर्षं संसार केलाय मी. फॅक्टरी नाही, जमीन नाही, बंगला नाही. तो कोटसुद्धा माझ्या भावाचा आहे, अजून परत केलेला नाही. ती पुस्तिका मी वकीलसाहेबांना हसायला दाखवली होती, पुरावा म्हणून नाही! ह्या माणसाने चौदा वर्षांत एकच गोष्ट खरी सांगितली, ती त्या शपथपत्रात आहे. आणि तीही वकिलाने दम दिला म्हणून."

मालक माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच त्यांची साठ बिघे जमीन बुडवली.

मग मॅडमनी हिशेब मांडला. तसा सोपाच असतो तो. माझ्या चौतीसातून पीएफ वगैरे जाऊन हातात तीस. मी म्हटलं, मोटरसायकलचा हप्ता? तर म्हणाल्या, "वो आपका शौक है, बच्ची का नहीं." तो नाही वजा झाला. वैशालीला शाळेतल्या नोकरीचे मिळतात वीस. सईचा खर्च, म्हणजे फी, बस, ट्यूशन, कथकचा क्लास, खाणं, कपडे, सगळं धरून पंधरा. तीस आणि वीस, म्हणजे तीनास दोन. बापाचे नऊ हजार, आईचे सहा.

नऊ! कानडेंनी टेबलाखाली माझा हात दाबला. सुटलो होतो मी. फक्त नमस्कार करून बाहेर पडायचं होतं.

पण मालक समोर बसलेले. "इनके पास कुछ नहीं है" अजून कानात. आणि का कोण जाणे, डोळ्यांपुढे सईचं ते बोट आलं, "स्वयं की फॅक्टरी"खालून हळूहळू सरकणारं.

मी घसा खाकरला. "नौ हज़ार, मैडम? एक ही तो बेटी है हमारी. बारह लिखिए. हमारे लिए क्या है!"

कानडेंनी माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"सोच लीजिए," मॅडम म्हणाल्या.

"सोचना क्या है!"

स्टेनोने टाइप केलं. स्वेच्छेने, दरमहा बारा हजार. खाली सही, वर गोल शिक्का.

बाहेर व्हरांड्यात वैशालीने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "चौदा वर्षं मी नुसतीच ऐकून घेत होते. लिहून घ्यायला हवं होतं."

आता तीस वजा बारा, त्यातून भाडं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच महिन्यात मोटरसायकल विकली. कामावर बसने जातो. स्टॉपवरची मंडळी पहिल्या दिवशी म्हणाली, "क्या भिया, गाड़ी कहाँ है?" म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलीय.

अकरा महिने झाले. परवा एकाने विचारलंच, इतकी कसली हो सर्व्हिसिंग?

म्हटलं, पार्ट जर्मनीहून येतोय.