पुन्हा एकदा आणि देशावरची सून

सामान्य माणूस निवडावा तर ‘पुन्हा एकदा’ने. बाजारात वांगी दाबून बघतात तशी तो माणसं बघायचा. विरारच्या फ्लॅटमधला पगारदार त्याला चालेना. ‘चेहऱ्यावर काही नाही हो.’ सुरकुत्या हव्यात म्हणून कॅमेरा घेऊन आला तो थेट चांदीप गावात, आमच्या दारात. सामान्य माणसाला आपल्या देशाविषयी काय वाटतं, यावर त्याची डॉक्युमेंटरी होती. कुणी काहीही बोललं की डोळे मिटून म्हणायचा, ‘छान. पुन्हा एकदा, जरा मनापासून.’ त्यावरूनच हे नाव पडलं.

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे साठीची, आणि वयाच्या मानाने फारच बावळट. ठेवणीतली साडी नेसून एकात्मतेवर भाषण पाठ केलं होतं. एरवी तो मला काकू म्हणायचा, कॅमेरा लागला की आजी. आधी माझं घड्याळ काढायला लावलं, मग चष्मा, मग हातात सूप दिलं. तांदूळ गिरणीतूनच साफ होऊन येतो म्हटलं, तर म्हणाला, ‘नुसतंच हलवा, आजी.’ हलवलं. भाषण विसरले. रिकामं सूप पाखडत ‘विविधता, विविधता’ म्हणत राहिले. त्यावर हा, ‘पुन्हा एकदा.’

मग त्याने सासूबाईंना धरलं आणि मला चहाला पिटाळलं.

‘आजी, देशाबद्दल काय वाटतं?’

आमच्याकडे देश म्हणजे घाटावरचा मुलूख. माझं माहेर तिथलं. सासूबाई पान चघळत म्हणाल्या, ‘देशावरची मानसं वाईट नाय. आमची सून तिथलीच. तोंडाने तिखट, पन पोर गुनाची. तिला सांगू नको, फुगंल.’

अख्ख्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं. चहा उतू गेला. आणि हा शहाणा नेमका त्या वेळी ‘पुन्हा एकदा’ म्हणाला नाही.

सासूबाई गेल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, तेवढं बोलणं दे बाबा.

‘ते विषयाला धरून नव्हतं, काकू. आवाज डिलीट केला. चेहरा मात्र ठेवलाय, कमाल चेहरा.’

फिल्ममध्ये सासूबाईंचे ओठ हलतात, मागे व्हायोलिन रडतं आणि खाली पाटी येते: ‘शब्दांपलीकडचं देशप्रेम.’ गाढव मेला.

मी मोबाइलचा आवाज बंद करून बघते. ओठ कुठे काय म्हणतात ते मला पाठ आहे. ‘फुगंल’ला त्या स्वयंपाकघराकडे चोरून बघतात. तिथे मी बोटाने मागे नेते. पुन्हा एकदा.