पहिला तोडा

मावशी बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. चहासुद्धा उभ्यानंच, आणि तोही अर्धा. कप खाली ठेवून लगेच गवत उपटायला वाकत. "बसून काय हुतंय, भाऊ?" असं विचारत, आणि उत्तराला थांबत नसत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की आपले रिकामे हात आपल्यालाच टोचायला लागतात.

चिकलठाण्याला आमच्या सोसायटीचा रस्ता झाडायला त्या येत. माहेर-सासर दोन्ही मेंढपाळांचं. कंपाउंडला लागून मागे पत्र्याच्या खोल्या, तिथं कारखान्यांत कंत्राटावर राबणारी कुटुंबं. मावशींची खोलीही तिथंच. सोसायटीची मोकळी जागा म्हणजे निव्वळ मुरूम. तिथं भाजी लावू का, असं त्यांनी विचारलं. मी सेक्रेटरी. इथं काय उगवणार म्हणून हसत हसत हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भावाची मेंढरं गेटातून आत. मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस सगळीकडे लेंड्या, आणि एका निवृत्त प्राचार्यांच्या कुंड्या साफ. ते तणतणत आले तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "मेंढराला काय म्हाईत, शोभेचं कोणतं आन् खायचं कोणतं?"

खरी अडचण पाण्याची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. मग मावशी खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि तिथल्या बायका भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून वाफ्यांत आणून ओतू लागल्या. जागा आमची, पाणी त्यांचं. महिन्याभरात मेथी डोलायला लागली. आम्ही सभासद पिशव्या घेऊन उभे, तर मावशी सगळ्या जुड्या कंपाउंडपलीकडे देत सुटल्या. पहिला तोडा ज्याच्या घरी भाजी शिजत नाही त्याचा, असं त्यांच्यात म्हणे. नंतरचे तोडे निम्मेनिम्म झाले, पण आमच्या लोकांच्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

भेंडी लागायच्या आत मीटिंग झाली. भाजी फक्त सभासदांना, खोल्यांकडच्या फाटकाला कुलूप. हे चुकतंय हे मला कळत होतं, तरी मी सही केली. वर अक्कल पाजळली ती अशी, की किल्ली मावशींच्याच हातात दिली. म्हटलं, त्यांचा मान राहील.

दुसऱ्या दिवशी बायका नेहमीसारख्या बादल्या घेऊन आल्या. मावशींनी कुलूप काढलं आणि भाजी आता फक्त सभासदांची, हे त्यांना सांगितलं. तरीही बायकांनी पाणी ओतलं आणि रिकाम्या हातांनी परत गेल्या. संध्याकाळी मावशी माझ्या दारात.

"माझ्याच्यानं नाय व्हायचं, भाऊ. पाणी घ्यायचं आन् त्वांड फिरवायचं, आमच्यात असं करत नाय."

किल्ली उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या. दोन दिवसांनी कळलं, खोली सोडून त्या भावाच्या मेंढरांमागं करमाडकडं गेल्या.

तेव्हापासून मला चैन पडेना. जेवताना उठायचो, गॅलरीतून वाफे बघायचो. भेंडी लागली, पण कुणी सभासद तोडायला वाकेना. शेवटी एका सकाळी, कुणालाही न विचारता मी कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडं ठेवलं. दुपारपर्यंत वाट पाहिली. एक बाई फिरकली नाही. का फिरकावं? मग मीच भेंडी तोडली. हातांना खाज सुटली. टोपली उचलून खोल्यांकडं निघालो.

पहिल्या दारातल्या बाईनं टोपलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात पुढं केला नाही.

"मावशीनं धाडलंय का?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पदर पसरला.