ओट्याच्या डावीकडचा खिळा

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळव्याच्या घरी भांडी घासत होते. हातातलं पातेलं मी मोरीत आपटलं. रडू नंतर आलं, आधी संताप आला... आणि दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही.

माझी ही थोरली बहीण म्हणजे तोंडाची तोफ. डोंबिवलीत नळाला पाणी आलं नाही की अख्खी चाळ तिला पुढे करायची. ती जन्माची डावखुरी. आईनं लहानपणी फटके देऊन तिचा लिहायचा-जेवायचा हात बदलला आणि लग्न ठरताना आम्हाला बजावलं, "सासरी कुणी बोलायचं नाही हं!" पंधरा वर्षं आम्ही ते इमानेइतबारे पाळलं.

मग तिला फिट्स येऊ लागल्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. गाठ उजवीकडे, तिची कड न् कड दिसत होती. "बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डावीकडे असतं," ते म्हणाले, "पण ते या फिल्ममध्ये दिसत नाही. डावखुऱ्यांचं कधीकधी उजवीकडेही असतं. बाई डावखुऱ्या असतील तर आधी आणखी तपासणी करू, मगच ऑपरेशन आखू. कुठल्या हाताच्या?" ताई औषधाच्या गुंगीत वॉर्डात पडलेली. आमच्या शेजारी तिच्या सासूबाई बसलेल्या. आईनं माझा दंड दाबला आणि मी, चांगली शिकली-सवरलेली बाई, म्हणाले, "उजव्या."

जादा तपासणीशिवायच ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ताईनं माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. "ते... ते... ते..." शेवटपर्यंत एवढंच. वर्षभरात गाठ पुन्हा वाढली. परदेशात आता माणसाला बोलायला लावून मेंदूचा फोटो काढतात म्हणे, बोलण्याची जागा त्यात दिसते. दिसू दे. आम्हाला साधा हात ठाऊक होता, तोही आम्ही सांगितला नाही.

गेल्या रविवारी डोंबिवलीला जाऊन मी सासूबाईंपुढे सगळं ओकले. त्या म्हणाल्या, "अगं, मला ठाऊक होतं की. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, एकटी असली की झारा डाव्या हातात. म्हटलं, लपवतेय तर लपवू दे, कशाला लाजवायचं?"

"मग डॉक्टरांसमोर का नाही बोललात?" मी ओरडले.

"तू सख्खी बहीण. तुला खोटं पाडू?"

ओट्याच्या डावीकडे, ताईच्या हाताला येईल असा खिळा त्यांनीच ठोकून घेतला होता. ताईनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. झारा अजून त्यावरच होता. मी तो मागून आणलाय. आईला यातलं काही अजून बोलले नाही. बोलणार आहे, झारा तिच्यासमोर ठेवून.