श्रीपादनं बुडवलेली मशीन

जिवंत माणसांच्या ओळीत मेलेला माणूस उभा करायचा आणि पाहणाऱ्याला शंकासुद्धा येऊ द्यायची नाही, हा श्रीपादचा धंदा. रायपुरात याला मिक्सिंग म्हणतात. गुढियारीत त्याचं दुकान, दुकानामागे कॉम्प्युटरची खोली आणि वर घर. नातवाच्या लग्नाला आजोबा उरले नसतील तर श्रीपाद त्यांना जुन्या फोटोतून उचलून आणणार, फेटा बांधणार आणि नवरदेवाच्या शेजारी बसवणार. हात मोठा सफाईचा. जीभ मात्र तिखट, आणि दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की तीच जीभ टाळूला चिकटायची.

शहरातल्या फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, 'फोटोपारा' नावाचा, पारा म्हणजे तिकडे मोहल्ला. श्रीपादनंच काढलेला. बीरगांवच्या स्टुडिओवाल्यापासून चौबे कॉलोनीतल्या हौशी लोकांपर्यंत सगळे त्यात होते. दर रविवारी एक विषय ठरायचा, त्यावर मिक्सिंग करून टाकायचं, बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. नियम एकच होता, तोही श्रीपादचाच. ज्याचा फोटो आहे त्यानं वाद घालायचा नाही, सफाई द्यायची नाही. लोक काय म्हणतात ते ऐकायचं आणि शेवटी 'हव' एवढंच लिहायचं. छत्तीसगडात हव म्हणजे हो. सगळ्यांचं बोलून झालं की श्रीपाद बोलायचा आणि श्रीपाद बोलला की विषय संपायचा. हा जो शेवटचा शब्द होता ना, त्यावर तो जगत होता. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करो, घरी बायको पद्मिनी टोमणे मारो, रविवारी संध्याकाळी त्याच्या शब्दावर कोणी शब्द काढत नसे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यानं विषय दिला, पाण्यात बुडालेली वस्तू. मुद्दाम दिला, कारण यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी एक लांबलचक व्हॉइस मेसेजही टाकला. "वस्तू कापून निळ्या रंगावर चिपकवली म्हणजे ते बुडाली नाही होत. पाण्याच्या रेघेपाशी ते तुटल्यासारखी दिसली पायजे. खाली गेली का रंग हिरवा मारते, कडा भुरकट होतात. अन् रेघेच्या वर बोटभर ओल दिसली पायजे. ओल विसरला का सगळं मुसळ केरात."

लोकांनी फोटो टाकले. यशदीपनं मोटरसायकल बुडवली होती. तो लग्नाचे फोटो काढायचा, त्यामुळे त्याची मोटरसायकल पाण्यातसुद्धा नवरीसारखी चमकत होती. श्रीपादनं मजेत त्याचे वाभाडे काढले. यशदीपनं 'हव' लिहिलं.

मग शिशिरचा फोटो आला.

शिशिर हा श्रीपादचा शाळेपासूनचा दोस्त. वीज ऑफिसातून रिटायर होऊन चौबे कॉलोनीत राहायचा. बायको चित्रा गेली तेव्हा घरात करमेना म्हणून श्रीपादच्या खोलीत येऊन बसायला लागला, आणि श्रीपादनंच त्याला माऊस धरण्यापासून सगळं शिकवलं. आता ज्याला बोट धरून चालवलं तो पुढे पळाला की माणसाला आनंद व्हावा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. श्रीपादला तसा आनंद होत नसे.

फोटो असा होता. तलावाच्या तळाशी गाळात एक काळी शिलाई मशीन, पाय मारायची, चित्राचीच. वरून येणारा उजेड चाकापर्यंत पोचता पोचता विझून गेलेला. सुईखाली अर्धवट शिवलेलं कापड, आणि ते पाण्यात जरासं उचललं गेलेलं. बस, एवढंच.

मग यशदीपनं लिहिलं, "शिशिर भैया, आँखें भर आईं." निधी, जी बीरगांवात अल्बमच्या लॅबमध्ये काम करायची, तिनं लिहिलं, "इसमें गलती क्या निकालें?" मग जोडलेले हात, डोळे पुसणारे चेहरे रांगेनं यायला लागले. सगळे थांबले, श्रीपादच्या शब्दासाठी.

श्रीपादनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला. कडा पाहिल्या. सावली पाहिली. कापडाची घडी पाहिली. कुठं काही सापडेना. चित्राची आठवण त्याला आली नाही असं नाही, तिच्या हातची सांबारवडी त्यानं आयुष्यभर खाल्लेली. पण त्याच्याही आधी त्याच्या मनात आलं की बायको मेलेल्या माणसाला लोक असेच हात जोडणार, आमची जिवंत आहे हा आमचा गुन्हा झाला. आता बोला. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दुःखसुद्धा बक्षीस वाटतं.

अखेर त्याला चूक सापडली. त्यानं लिहिलं, "मशीनीत तेल असते. पाण्यात टाकली का तेल वर येऊन तरंगते. शिशिरच्या फोटोत तेल कुठं आहे?"

आणि पहिल्यांदा श्रीपादच्या शब्दावर शब्द निघाला. निधीनं लिहिलं, "भैया, बरसों से डूबी है, तेल कब का बह गया होगा." खाली लोकांचे हसरे चेहरे. शिशिरनं मात्र नियम पाळला. फक्त 'हव' लिहिलं. त्या एका 'हव'नं श्रीपादच्या नाकाला जेवढी मिरची झोंबली तेवढी बाकीच्यांच्या हसण्यानं झोंबली नसेल.

दुसऱ्या दिवशी पद्मिनी दुर्गला बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली. जाताना बजावून गेली, "दिवाळीचे ब्लाऊज पडून आहेत, उद्यापासून मले उसंत नाही. माझ्या खोलीत तुमचा पसारा नका आणू." पद्मिनी पाऱ्यातल्या बायकांचं शिवणकाम करायची. तिची मशीन लग्नातली, काळी, चाकाशेजारी सोनेरी वेलबुट्टी असलेली. खंडेनवमीला तिनं मशीनची पूजा करून डोक्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. ते ती वर्षभर पुसू द्यायची नाही.

श्रीपाद त्या खोलीच्या दारात उभा राहिला. मशीन लोखंडाची आहे, त्यानं स्वतःला समजावलं. पाच मिनिटं पाण्यात राहिली तर काय विरघळणार आहे का? पुसू, उन्हात ठेवू, तेल देऊ, तिला कळणारही नाही. आपण मिक्सिंग करत बसलो तर लोक म्हणतील श्रीपादनं शिशिरचं पाहून केलं. खऱ्या पाण्यातली खरी मशीन काढायची आणि मिक्सिंग म्हणून टाकायची. मग पाहू कोण चूक काढते. त्यानं मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवलं, पोटाशी धरून गच्चीवर नेलं आणि सिमेंटच्या टाक्यात सोडलं.

पाणी नितळ होतं, वर दिवाळीआधीचं स्वच्छ ऊन. मशीन तळाला बसली. बुडबुडे निघाले, मग तेल वर आलं आणि पसरलं, सात रंगांचं. श्रीपादला इतका हर्ष झाला की तो एकटाच "पाहा, पाहा" म्हणाला. कुंकवाचं स्वस्तिक सुटलं आणि त्याची लाल रेघ पाण्यात वर चढायला लागली. त्यानं फोटोवर फोटो काढले. त्यातला एक निवडून, काहीही हात न लावता, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "विषय पूर्ण समजावा म्हणून माझंही एक मिक्सिंग. मोकळेपणानं चुका सांगा."

लोकांनी मोकळेपणानं सांगितल्या.

"श्रीपाद भैया, मशीन पिचकी हुई लग रही है," यशदीपनं लिहिलं. खरंच होतं ते. पाण्यात वस्तू वर उचललेली आणि बुटकी दिसते, पण पाहणाऱ्याला ते पटत नाही. निधी म्हणाली, तळावर उन्हाची जी जाळी पडली आहे ती कुठून तरी उचलून चिकटवल्यासारखी वाटते. बुडबुडे धुळीसारखे दिसतात. आणि तेलाचे ते रंग! "भैया, इंद्रधनुष थोड़ा ज़्यादा हो गया." मग सगळ्यांत शेवटी शिशिर बोलला, अगदी अदबीनं. "श्रीपाद, तू गुरू आहेस, पण नियम म्हणजे नियम, म्हणून बोलतो. हा लाल रंग काहून टाकला? मशीनीतून लाल कसं गळंल? तेवढं काढून टाक. बाकी पाणी खरं नाही वाटत रे."

श्रीपादनं वाचलं आणि स्वतःचा फोटो परत उघडून पाहिला. खऱ्या पाण्याला खोटं म्हणून राहिले होते, आणि हे खरं आहे असं सांगावं तर मिक्सिंग म्हणून खोटं बोललो हे कबूल करावं लागतं. बरं, वाद घालायचा नाही हा नियम कोणाचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बराच वेळ त्यानं फोन उलटा करून ठेवला. मग त्यानं 'हव' लिहिलं.

या सगळ्या जळफळाटात मशीन टाक्यातच राहिली होती, हे त्याला ऊन उतरल्यावर आठवलं. घाईघाईनं काढून, वरवर पुसून त्यानं ती परत स्टँडवर चढवली.

पद्मिनी परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसली. आधी तिचं लक्ष गेलं ते कुंकवाकडे. "माझं स्वस्तिक कोणं पुसलं?" तिनं विचारलं. श्रीपाद म्हणाला, "धूळ होती, मी कपडा मारला." तिनं चाकाला हात घातला. चाक हलेना. तिनं मशीन मागे कलती केली तर खालून तांबूस पाण्याची धार निघाली आणि तिच्या मांडीवरच्या ब्लाऊजवर सांडली. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज, मोतिया रंगाचा.

ती ओरडली नाही. म्हणाली, "अहो, मशीनीत पाणी कुठून आलं?"

त्यानं सांगितलं. दुसरं काय करणार? ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "शिशिरभाऊजींचा फोटो चांगला झाला म्हणून तुमी माझी मशीन बुडवली?" एवढं साधं वाक्य करून तिनं ते समोर ठेवलं तेव्हा श्रीपादला त्यात दुरुस्ती करायला जागाच सापडली नाही. "दिवाळी तोंडावर आहे," ती म्हणाली, "मी आता त्या बायांले काय सांगू?" आणि मग मात्र तिचे डोळे भरले.

मेकॅनिक म्हणाला दिवाळीनंतरच पाहतो, आणि आतलं काही बदलावं लागेल. मशीन गच्चीवर उन्हात वर्तमानपत्रावर पडून राहिली, सांध्यासांध्यांतून तांबारलेली. तिथंच ती शिशिरनं पाहिली. तो सहज आला होता, श्रीपाद ग्रुपवर गप्प आहे म्हणून काळजीनं. मशीन पाहिली, टाकं पाहिलं, चाकाशेजारची वेलबुट्टी पाहिली, डोक्यावरचा कुंकवाचा फिका डाग पाहिला. श्रीपादकडे पाहिलं नाही. चहा घेतला आणि गेला.

संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज होता. "श्रीपादचा फोटो परत पाहिला. चूक माझी. तेल असंच तरंगते अन् पूजेची मशीन असली तर कुंकूही गळते. इतकं बारीक फक्त श्रीपादलेच सुचू शकते. माझ्या फोटोत खरंच तेल पायजे होतं."

लगेच यशदीपला ती मशीन आता बुटकी वाटेना. निधीला उन्हाची जाळी सुरेख वाटायला लागली. जोडलेले हात रांगेनं यायला लागले, या वेळी श्रीपादसाठी. श्रीपादनं ते सगळे वाचले आणि त्याला गोड वाटेना. कालपर्यंत जे खोटं होतं ते शिशिरनं खरं म्हटल्याबरोबर खरं झालं होतं. शिशिरच्या शब्दावर कोणी शब्द काढला नव्हता. विषय संपला होता. आणि शिशिरनं गुपित राखलं होतं, हेही त्याच्या छातीत रुतून बसलं; निदान चारचौघांत फजिती केली असती तर त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ऑटो थांबला. शिशिरनं चित्राची मशीन आणली होती. तीच, जी तलावाच्या गाळात पडली होती. कोरडी ठणठणीत, तेल दिलेली, चाक बोटानं ढकललं तरी फिरणारी. "घरी मुकी पडून आहे, वहिनी," तो म्हणाला. "चालवा तुमी. तिलेही बरं वाटंल." पद्मिनीनं हात धुतले, कुंकवाची डबी आणली आणि मशीनच्या डोक्यावर स्वस्तिक काढलं. शिशिर तोंड फिरवून उभा राहिला.

आता वरच्या खोलीत मशीन चालते आणि खाली कॉम्प्युटरपाशी बसलेल्या श्रीपादला ती दिवसभर ऐकू येते. नवरीचे मिटलेले डोळे उघडताना ऐकू येते, कोणाच्या आजोबाला फेटा बांधताना ऐकू येते. दिवाळी होऊन गेली, त्यांची स्वतःची मशीन दुरुस्त होऊन आली, तरी पद्मिनीनं ती स्टँडवर चढवली नाही. श्रीपादनं एकदा हळूच विचारून पाहिलं.

"राहू द्या हो," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "शिशिरभाऊजींची किती हलकी चालते. आपली तशी कधी चाललीच नाही, नाही का?"

श्रीपाद दारात उभा होता. बोलायला तोंड उघडलं होतं त्यानं.

"हव," तो म्हणाला आणि खाली गेला.